तगाद्याची वेस

सावकाराने कर्जदाराच्या घराजवळ नुसते घुटमळत राहणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरू शकतो.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्यात कर्जदाराच्या छळाविषयी एक कलम आहे. मारहाण, धमकी, वाट अडवणे हे त्यात अर्थातच आहे. पण कलम तिथे थांबत नाही. कर्जदार जाईल तिथे त्याच्या मागे मागे फिरणे, त्याची वस्तू त्याला वापरू न देणे, तो राहतो किंवा काम करतो त्या जागेजवळ रेंगाळणे, त्याला त्रास व्हावा किंवा दहशत बसावी म्हणून काहीही करणे, हे सगळे दबाव आणण्याच्या हेतूने केले तर छळच धरले जाते. त्याला लागूनच एक अपवाद आहे. केवळ माहिती विचारायला किंवा निरोप सांगायला कोणी त्या घरी गेला, तर तो छळ नव्हे.

या अपवादापाशी मी थबकलो. दारात येऊन ‘हप्ता राहिलाय, कधी देताय?’ असे विचारणारा माणूस आणि त्याच दारासमोर चकार शब्द न काढता तासभर उभा राहणारा माणूस, यांच्यातला फरक कायद्याच्या कोरड्या भाषेने नेमका पकडला आहे. पहिल्याला मोकळीक आहे, दुसऱ्याला शिक्षा. पहिला पैसे मागतो. दुसरा शेजाऱ्यांना दिसेल असा उभा राहून अब्रूला हात घालतो. हे कलम २०१४ चे नवेही नाही. १९४६ च्या मुंबई सावकार कायद्यातही छळाची हीच व्याख्या होती.

इतका बारीक तपशील कुठल्या कायदेपंडिताला बसल्या जागी सुचत नाही. वसुलीच्या कायद्यांमधली मनाई म्हणजे बहुतेकदा कधीतरी, कोणावर तरी खरोखर झालेल्या छळाची नोंद असते. ही कलमे त्या नजरेने वाचली, की आपल्या मुलखाचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांतून बोलू लागतो.

डोक्यावरचा दगड, दारातला उपास

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि जिंकलेल्या मुलखाचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. पुढच्याच वर्षी त्याने गव्हर्नर जनरलला एक मोठा अहवाल पाठवला. जमीन, महसूल, न्याय, गावगाडा असे सगळे त्यात आहे. इथे देणे-घेणे वसूल कसे होते हेही त्याने बारकाईने टिपले आहे. कर्जवसुलीचे मुख्य साधन म्हणजे तगादा, आणि त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. साध्या विनवणीपासून सुरुवात. मग कर्जदारावर पहारा बसवायचा, त्याला जेवू द्यायचे नाही, घराबाहेर पडू द्यायचे नाही. शेवटी त्याला बांधून टाकायचे, किंवा डोक्यावर जड दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभे करायचे.

हे बरोबरीच्या किंवा कमजोर कर्जदाराच्या वाट्याला येई. कर्जदार बडा असला तर चित्र उलटे व्हायचे. मग धनको त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, त्याच्या वाटेत लोळण घेई, दारासमोर आरडाओरडा करी, देवाच्या शपथा आणि शिव्याशाप घाली. तेवढ्याने भागले नाही तर दारात उपाशी बसे. तो उपाशी असेतो घरधन्यानेही जेवायचे नाही, असा दंडक होता. मागणी रास्त असेल तर त्याला तिथून हुसकावणे कमीपणाचे मानत.

मला सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण पुढचे वाटते. जमिनीचे दावे सोडले तर ज्याच्या अंगी बळ तो आधी हाच मार्ग धरी. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याने तक्रार केली, तरच मुळात पैसे देणे होते की नाही याची चौकशी होई. म्हणजे आधी शिक्षा, मग पुरावा. वसुलीची रीत कर्जाच्या रकमेवर ठरत नव्हती, दोघांमध्ये बळ कोणाचे यावर ठरत होती. आज फोनवर शिवीगाळ होते तेव्हाही हेच घडत असते.

पुढे १८६० मध्ये भारतीय दंड संहिता झाली. तिच्या ५०८ व्या कलमात, समोरच्याला दैवी कोपाची भीती घालून काही करायला भाग पाडणे हा गुन्हा ठरवला गेला. त्या कलमाखाली समजावण्यासाठी उदाहरण दिले होते ते असे: एक माणूस दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसतो, आणि आपल्या तिथे बसण्याने त्याच्यावर देवाचा कोप होईल असा समज करून देतो. उंबरठ्यावरचा उपास असा थेट फौजदारी कायद्यात जाऊन बसला.

तगादा कोर्टात शिरतो

दारातला तगादा बंद झाला म्हणजे छळ संपला, असे मात्र झाले नाही. त्याने जागा बदलली.

१८५५ मध्ये व्याजावरची कायदेशीर मर्यादा उठली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जाच्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत मिळाली. हेतू चांगला होता. जुनी देणी पिढ्यान्‌पिढ्या साचू नयेत, व्याजाचा डोंगर वाढू नये. प्रत्यक्षात मुदत संपत आली की सावकार शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. कर्जदाराच्या रक्षणासाठी केलेली तीन वर्षांची मुदत चक्रवाढीचे घड्याळ बनली. लिहिता न येणारा शेतकरी कशावर अंगठा उठवतो हे त्याला ठाऊक नसे, आणि दिवाणी न्यायालय कागदावर जे लिहिले आहे तेच खरे मानी.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने तिथल्या देशमुखांविरुद्ध न्यायालयाकडून १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यापायी त्यांचे राहते घर पाडायला घेतले. गाव पेटून उठले, पण हात कोणी उगारला नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांचे पाणी कोणी भरेना, हजामत कोणी करेना, गाडी कोणी हाकेना. ही लाट आसपासच्या गावांत पसरली.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी आठवड्याचा बाजार होता. त्या दिवशी दंगा उसळला आणि पाहता पाहता पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत फोफावला. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली. लोकांना हवे होते ते रोखे, कर्जखते आणि हुकूमनामे. सावकाराने कागद हवाली केले की बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावत नसे. कागद न दिल्यास मात्र घराची खैर नसे. न वाचता येणाऱ्या माणसांनी आपला छळ नेमका कुठे राहतो हे अचूक ओळखले होते. तो कागदात राहत होता.

न्यायाधीश कागदाच्या मागे जातो

या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा जन्मला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो झाला, आणि त्यातल्या तरतुदी आजही वाचताना मन उचंबळून येते.

पहिली तरतूद म्हणजे न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा पाहून थांबायचे नाही. व्यवहार मुळात कधी सुरू झाला, हातात खरी रक्कम किती पडली, आजवर किती फेडली, हे पहिल्यापासून तपासायचे. मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, व्याजावर व्याज धरायचे नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही, हे दामदुपटीचे जुने धर्मशास्त्रीय तत्त्व इथे पुन्हा कामाला आले. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले. भरलेल्या पैशाची पावती आणि वर्षाचा खातेउतारा मागण्याचा हक्क त्याला मिळाला. त्याची कर्जखते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिली जावीत, असे ठरले.

१८७९ मध्ये, जेव्हा जगभर करारावरची सही म्हणजे ब्रह्मवाक्य मानले जाई, तेव्हा या कायद्याने विचारले, की सही करताना या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोय होती का? या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले त्यांत महादेव गोविंद रानडे होते. दख्खनच्या गरिबीवर ज्यांनी इतके लिहिले, त्यांच्या नजरेखालून त्याच गरिबीची कर्जखाती गेली.

कायद्यात फट होती, आणि सावकारांनी ती शोधली. ते गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत मागू लागले. तोंडी सांगायचे, पैसे फेडलेस की जमीन परत देतो. कागदावर मात्र कायमची विक्री. ही रीत आजही गेलेली नाही. २०१४ च्या कायद्याने तिलाच हात घातला आहे. बेकायदा सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन असेल तर जिल्हा निबंधक मागच्या १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासू शकतो, खरेदीखत रद्द ठरवू शकतो आणि जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतो. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८७९ मध्ये न्यायाधीश रोख्यामागे जायला शिकला, आज कायदा खरेदीखतामागेही जातो.

सूर्यास्तानंतर नाही

१९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता हा वकिलांच्या टेबलावरचा रोजचा ग्रंथ. कोणी हौसेने वाचावा असा तो नाही. पण त्याचे ६० वे कलम मुद्दाम वाचावे. हुकूमनामा झाला तरी कर्जदाराच्या कुठल्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, याची यादी त्यात आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, त्याला कसायला लागणारी गुरे, बियाणे, आणि तो राहतो ते घर. पगारदाराच्या पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग. ही यादी म्हणजे संसाराचा आणि पोटापाण्याचा गाभा आहे. सुताराचा रंधा काढून नेला तर तो कर्ज फेडणार कशाने, इतका साधा आणि खोल विचार तिच्यामागे आहे.

पुढे ६२ वे कलम. जप्तीसाठी आलेल्या बेलिफाने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचे नाही. रिवाजाप्रमाणे चारचौघांत न येणारी स्त्री आतल्या खोलीत असेल, तर तिला बाहेर पडण्याची सूचना आणि सवड द्यायची, मगच आत जायचे. शिवाय ५६ व्या कलमानुसार पैशाच्या हुकूमनाम्यापायी कुठल्याही स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून दिवाणी कैदेत टाकता येत नाही. १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात हे ठामपणे मांडले, की ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळणारा वेगळा आणि ऐपतच नसलेला वेगळा. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे.

न्यायालयाचा शिक्का हातात असलेल्या माणसालाही रात्रीच्या वेळी उंबरठा ओलांडता येत नाही. मग ज्याच्याकडे शिक्काच नाही, त्या वसुली एजंटाला रात्री दार वाजवायचा अधिकार कुठून येईल?

फोन वाजतो तेव्हा

या शतकात तगाद्याने पुन्हा जागा बदलली. तो खिशातल्या फोनमध्ये आला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम चालतात, आणि तेही अनुभवातूनच आलेले आहेत.

२००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्जवसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या प्रकाराची कठोर शब्दांत निंदा केली. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी सविस्तर नियम काढले. एजंटाची पार्श्वभूमी तपासलेली हवी, त्याचे प्रशिक्षण झालेले हवे, त्याच्याजवळ अधिकारपत्र हवे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रेषा आणखी ठळक केली. थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. पुन्हा पुन्हा फोन करून हैराण करायचे नाही. निनावी किंवा धमकीचे फोन नाहीत, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर अनुचित संदेश नाहीत, खोटी माहिती देऊन घाबरवणे नाही. चारचौघांत अपमान करायचा नाही, कुटुंबीय, मित्र किंवा अर्जात संदर्भ म्हणून नाव दिलेल्या माणसांच्या खासगी आयुष्यात घुसायचे नाही. छोट्या गटकर्जांसाठी तर वेळ आणखी आखडून सकाळी ९ ते संध्याकाळी ६ केली आहे. हप्ता दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी घ्यायचा, आणि लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा कर्जदार तिथे आला नाही तरच त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जायचे.

त्याच सुमाराला मोबाइलवरच्या कर्ज ॲपनी नवाच छळ शोधला होता. ॲप घेताना फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादी उचलायची, आणि हप्ता चुकला की मामा, मैत्रीण, ऑफिसातला साहेब, सगळ्यांना बदनामीचे संदेश पाठवायचे. छायाचित्रांशी खेळ करून ती पसरवण्यापर्यंत मजल गेली. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी बंदी घातली ती थेट या मुळावर. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधली नंबरांची यादी, कॉलची नोंद आणि फोटोंच्या फायली यांना हात लावायचा नाही. दारासमोर उभा राहणारा माणूस आणि नातेवाइकांना संदेश पाठवणारे ॲप, दोघांचे हत्यार एकच आहे. लोक काय म्हणतील, ही भीती.

रेषेच्या दोन्ही बाजू

हे कायदे कर्ज माफ करत नाहीत, आणि करूही नयेत. उसने दिलेले परत मागण्याचा हक्क खरा आहे. आज दिलेला पैसा परत येतो म्हणूनच उद्या दुसऱ्या कोणाला कर्ज मिळते. गहाण ठेवलेले घर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात दावा न लावताही ताब्यात घेऊ शकते, पण आधी ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन, आणि शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. साध्या कर्जाच्या दाव्याला आजही तीन वर्षांचीच मुदत आहे. मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होते. म्हणून घाईघाईत कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो वाचावा, ही १८५९ ची शिकवण आजही लागू आहे. हप्ता थकणे हा स्वतः फौजदारी गुन्हा नाही. चेक न वटल्यास वेगळा कायदा लागतो, पण ‘उद्या पोलीस येऊन उचलतील’ अशी फोनवरची धमकी बहुतेक वेळा पोकळ असते. घाबरवण्यासाठी दिलेली धमकीच गुन्हा ठरू शकते.

नियम असूनही छळ चालतो, कारण छळ झालेला माणूस बोलत नाही. कर्ज थकल्याची लाज त्याचे तोंड बंद करते, आणि एजंट नेमकी तीच लाज वापरतो. म्हणून जे सोसत असतील त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते. फोनच्या वेळा लिहून ठेवा, संदेश पुसू नका, एजंटाचे नाव आणि अधिकारपत्र मागा. आधी बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे पडत नाहीत. धमकी असेल तर पोलीस ठाण्यात जा. ॲपने पैसे उकळले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. सावकार बेकायदा असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या निबंधक कार्यालयात अर्ज द्या.

वसुलीची साधने बदलत गेली, तसा कायदाही प्रत्येक वेळी उशिरा का होईना त्यांच्या मागे गेला. त्यातले एकही कलम आपोआप आले नाही. एल्फिन्स्टनच्या अहवालापर्यंत पोहोचलेली तक्रार, कर्ड्याचा बहिष्कार, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलेला एखादा कर्जदार, अशा कोणीतरी ‘हे आता चालणार नाही’ म्हटले, तेव्हा ते आले. आज तक्रार करणारा माणूस केवळ स्वतःची सुटका करत नसतो. उद्याचे कलम त्याच्याच तक्रारीतून लिहिले जाणार असते.